साकेलारिसची हाडं

शनिवारची बोट सोमवारी आली. आमच्या बेटावर याला उशीर म्हणत नाहीत. वारा पडला की बोट येते, आणि वारा काही कुणाचा नोकर नाही.

सेवास्ती धक्क्यावर उतरली तेव्हा तिला घ्यायला फक्त गाढव आलेलं दिसलं. बरोबर भावजय होती, पिपिना, पण ती गाढवाच्या पलीकडच्या अंगाला तोंड लपवून उभी होती. सेवास्तीनं काळा रुमाल बोटीवरच बांधला होता. ती राहते त्या पिरेयसला बांधला की लोक वळून बघतात, इथं नाही बांधला की बघतात.

"आलात वन्सं?" पिपिना गाढवाच्या मानेवरून म्हणाली. "आम्हाला वाटलं, सगळं आटोपल्यावर याल."

"आटोपलं का?"

"कुठलं! हे म्हणत होते शनिवारीच उरकून टाकू. पाद्रीबुवांनी ऐकलं नाही. म्हणाले, साकेलारिस पाच वर्षं गप पडलाय, आणखी चार दिवस पडेल, त्याला कुठं बोट गाठायचीय? थोरली लेक येऊ दे. आता उद्या मंगळवार, मंगळवारी कोण फावडं लावतंय? परवा कबर उघडणार."

सेवास्तीनं पिशवी गाढवावर टाकली. दोघी डोंगराच्या वाटेला लागल्या.

"गावात काय बोलतायत?" सेवास्तीनं विचारलं.

"गावाला काय, तोंड आहे."

"पिपिना, तिखटमीठ न लावता सांग."

पिपिनानं गाढवाला उगाच एक फटका दिला. "आत्याबाई म्हणतात, मामंजींच्या कबरीवर गवत धरत नाही. आजूबाजूला गुडघा गुडघा पिवळी फुलं, आणि मामंजींच्या अंगावर नुसती माती. म्हणतात, खाली काहीतरी अडलंय."

अडलंय म्हणजे काय ते आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्याकडे जमीन थोडी आणि दगड फार. मेलेल्याला माती द्यायची ती उसनी. काही वर्षं गेली की उघडायची, हाडं काढायची, वाइननं धुवायची, लाकडी पेटीत घालून देवळामागच्या कोठडीत ठेवायची, आणि खड्डा पुढच्याला मोकळा. हाडं मेणासारखी पिवळी, स्वच्छ निघाली तर माणूस कुणावर राग न ठेवता गेला. आणि अख्खाच्या अख्खा निघाला तर पोटात राग घेऊन गेला, मातीलासुद्धा तो पचला नाही. मग परत पुरायचं, बिशपला बोलवायचं, प्रार्थना करायच्या. आणि ज्याच्यावर राग होता त्यानं जन्मभर मान खाली घालायची.

साकेलारिसचा राग कुणावर होता ते कुणाला विचारायची गरज नव्हती. कालित्सा आत्याच्या दिराच्या मुलाशी सेवास्तीचं लग्न ठरलं होतं. बकऱ्या कापून टांगल्या होत्या, भट्टीतून रोट निघत होते, आणि पोरगी कालिम्नोसच्या एका पाणबुड्याबरोबर, स्पंज काढणाऱ्या स्टामातिसबरोबर, त्याच्या नावेतून निघून गेली. थोरली लेक! आमच्याकडे आईचं घर थोरल्या लेकीचं असतं. ते घर, ती शेतं, ते ऑलिव्ह, सगळं टाकून एका ओल्या माणसामागं गेली. साकेलारिस धक्क्यापर्यंत धावला. नाव लांब गेली होती. तो काही ओरडला नाही, शिवी दिली नाही. डोक्यावरची टोपी काढून पाण्यात टाकली आणि घरी आला. त्यानंतर लेकीचं नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

तो गेला त्या आठवड्यात वारा होता. बोट आलीच नाही. सेवास्तीला कळलं तेव्हा नवव्या दिवसाच्या घुगऱ्यासुद्धा वाटून झाल्या होत्या.

घरी आई, मारूक्ला, दारातच उभी होती. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, डोळे भरून बघितलं, आणि म्हणाली, "वाळलीस. पाणबुडा खायला घालत नाही का?"

"घालतो गं. मासेच मासे."

"मासे म्हणजे काय खाणं आहे?"

आत लाकडी चौथऱ्यावर कालित्सा आत्या पाय वर घेऊन बसली होती. साकेलारिसची बहीण. गावातली अर्धी हाडं हिच्याच हातानं निघालेली. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "कोण आलंय?" तिनं भिंतीला विचारलं.

"मी, आत्या."

"मी म्हणजे कोण? मी नावाची आमच्यात कुणी नाही."

"सेवास्ती."

"हां. सेवास्ती. होती एक."

भाऊ, मिनास, कोपऱ्यात दोरी वळत होता. तो उठला नाही. धाकटा भाऊ, पण आता मिशी बापासारखी, कपाळावरची आठीही बापासारखी.

"बस ना," तो म्हणाला. दोरीशी बोलल्यासारखा.

पिपिनानं जवाचे वाळवलेले कडक पाव पाण्यात जरासे बुडवून आणले, ऑलिव्ह आणले, चीज आणलं. सगळे जेवले. जेवताना फक्त पाव कुरकुरत होते. मग आत्यानंच विषय काढला, कारण तिच्याच्यानं गप्प राहवत नाही.

"डोकं कोण उचलणार ते ठरवून ठेवा. ऐन वेळी कबरीवर भांडाल, माझी शोभा होईल."

"मी उचलणार," मिनास म्हणाला.

"थोरल्यानं उचलायचं असतं," आई हळूच म्हणाली.

"थोरली कोण आहे? ज्या माणसानं हिचं नाव घेतलं नाही त्याचं डोकं ही मांडीवर घेणार? पुरताना कुठं होती?"

"वारा होता, मिनास," सेवास्ती म्हणाली.

"जाताना बरा वारा मिळाला होता."

आत्या खुसकन हसली. पिपिनानंही नवऱ्याच्या बाजूनं मान हलवली. तिचंही एक दुखणं होतंच, घर थोरलीचं, राहतात ते धाकटे, आणि थोरली आज पिशवी घेऊन आलेली. आई उठली आणि भांडी गोळा करू लागली. भांडण झालं की ती भांडी गोळा करते, जेवण झालेलं असो नसो.

"मला डोकं नको," सेवास्ती म्हणाली. "तूच उचल. मला घरही नको, पिपिना, ते मनातनं काढून टाक. मी फक्त बघायला आलेय."

"काय बघायला?"

"बाबा कसे निघतात ते."

आता दोरीही थांबली.

"रोज वाटतं गं, आई," ती म्हणाली. "पोरांना न्हाऊ घालताना वाटतं, बाजारात वाटतं. की ते तिथं खाली तसेच्या तसे पडलेत. डोळे उघडे ठेवून. माझ्यामुळे. मला एवढंच कळायला पाहिजे. रागातच गेले का?"

आई भांडी धरून उभी राहिली. "मला काय ठाऊक, बाळा. शेवटी मला कुठं शुद्ध होती? मला तर बायकांनी शेजारच्या घरात नेऊन झोपवलं होतं. आत्याला विचार. तीच जवळ होती."

सेवास्तीनं आत्याकडं बघितलं. आत्यानं लोकरीचा धागा दातांनी तोडला. "मातीला विचारा," ती म्हणाली. "माती खोटं बोलत नाही. मी बोलते कधी कधी."

मंगळवार कसाबसा ढकलला. बुधवारी ऊन वर आल्यावर सगळे स्मशानात गेले. आमचं स्मशान म्हणजे एक अंगण, चार सायप्रस आणि खाली समुद्र. निकितास पाद्रीबुवा आधीच येऊन भिंतीवर बसले होते, एका मांजराशी बोलत. आईनं वाइनचा बुधला आणला होता, पिपिनानं घुगऱ्या, साखर मनुका घातलेल्या, आणि मिनासनं नवीन पेटी. पेटीवर बापाचं नाव त्यानंच कोरलं होतं, बरं कोरलं होतं. गावातल्या आणखी काही बायका अशाच सहज आल्या होत्या, जशा त्या नेहमी सहज येतात.

खरंच गवत नव्हतं. सेवास्तीनं पहिलं तेच बघितलं.

आत्यानं झगा खोचला, थुंकी लावून हात चोळले आणि फावडं घातलं. मिनासनं मदत करू का विचारलं. "तू तुझी मिशी सांभाळ," ती म्हणाली. माती कोरडी होती, सहज निघत होती. आत्या तोंडानं भावाशी बोलत होती, तिची ती सवयच. "चल रे साकेलारिस. चल, ऊन पडलंय. किती झोपशील? डोकं कुठं ठेवलंयस? इकडं ठेवलं होतं आम्ही. सरकलास होय? जिवंतपणीही असाच, रात्रभर सगळं अंथरूण फिरायचास."

उतारावरची माती, मेलेलाही थोडा सरकतो. म्हणून तिला डोकं लागलं नाही. तिनं फावडं ठेवलं, गुडघ्यावर बसून हातानं माती बाजूला केली. आणि तिचं बोलणं एकदम बंद झालं.

खाली पांढरं होतं.

पांढरी छाती. फुगलेली, भरलेली. बाजूला एक दंड, पांढरा. छातीवर आडवा हात आणि त्याची मनगटाशी बंद केलेली पट्टी. कालच ठेवल्यासारखा. माती झाडल्याबरोबर चमकलं.

"अख्खा आहे," आत्या म्हणाली. "देवा. अख्खा आहे."

आई मटकन खाली बसली. सहज आलेल्या बायकांनी एकदम क्रॉसची खूण केली आणि एकदम मागं सरकल्या. मांजर भिंतीवरून उडी मारून गेलं. आत्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. इतकी हाडं काढली तिनं, इतकं तोंड सुटलेली बाई, पण हे तिनं आधी कधी बघितलं नव्हतं. ती रांगत मागं आली आणि मातीच्या ढिगावर बसून राहिली.

मिनास वळला. "बघितलंस? झालं समाधान? बघायलाच आली होतीस ना? घे, बघ!"

"मिनास!" पाद्रीबुवा ओरडले.

"का मिनास? गावासमोर बाप असा निघाला! कुणामुळे? आमच्या पोरांना उद्या काय म्हणतील, दगडासारखा पडलाय तुमचा आजा, विरघळला नाही! हिच्या एका पाणबुड्यापायी!"

"झाका रे," पाद्रीबुवा पोथी चाळत म्हणाले. "आत्ता झाका. मी बिशपना कळवतो. ते येऊन क्षमेची प्रार्थना वाचतील. असं होतं कधी कधी. माझ्या आजोबांच्या काळात झालं होतं. झाका आधी."

मिनासनं फावडं उचललं.

सेवास्ती उभी होती. तिला रडू आलं नाही. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली होती ते समोर आलं तेव्हा आत कसलं तरी दार बंद झाल्यासारखं शांत झालं. ठीक आहे, तिला वाटलं. रागातच गेले. आता निदान माहीत आहे. आता घरी जाऊन पोरांना जेवायला घालायचं, आणि हे बरोबर घेऊन जगायचं. मिनासच्या फावड्यातली पहिली माती त्या पांढऱ्या छातीवर पडली आणि सरकन घसरून खाली गेली. एक कणही चिकटला नाही.

तिनं डोळे बारीक केले.

"थांब," ती म्हणाली.

"आता कशाला थांबू?"

"थांब म्हणते ना! हे कापड बघ."

"कापडाचं काय बघायचंय?"

ती पुढं झाली. छातीवर एका रेषेत बटणं होती, मोत्यासारखी. एक, दोन, तीन, आणि त्याच्याखाली एक तपकिरी. दुकानातून आणताना एक बटण फुटलं होतं. घरात पांढरं नव्हतं. पोरगं पाठीला बांधलेलं, बोट सुटायची वेळ झालेली, तिनं स्टामातिसच्या जुन्या कोटाचं काढून लावलं होतं. बटण निराळं म्हणून रात्रभर हळहळली होती. बोटीवरच्या माणसाच्या हाती पुडकं दिलं, वर चिठ्ठीसुद्धा नाही, बापाला कुठं वाचता येत होतं? आणि पुडक्याचं पुढं काय झालं ते कधी कळलं नाही. तिनं ठरवून टाकलं होतं की टोपीमागं तेही पाण्यात गेलं असणार.

"हा सदरा मी पाठवला होता," ती म्हणाली.

कुणालाच कळलं नाही ती काय म्हणते ते.

"नायलॉन आहे हे! आई, नायलॉन! हे कुजत नाही. धुवून टांगलं की चहा पिईपर्यंत वाळतं. दुकानदार मला म्हणाला होता, बाई, घालणारा जाईल पण हा सदरा जाणार नाही!"

आणि ती कबरीत उतरली.

"हात लावू नकोस!" मिनास धावला. पण मध्ये पिपिना आली. नवऱ्यासमोर कधी आवाज न चढवणारी पिपिना, दोन्ही हात पसरून.

"थांबा हो जरा! कापडातलं तुम्हाला काय कळतंय? बाईनं कापड ओळखलंय, बघू तर द्या तिला! वन्सं, बघा तुम्ही. मी धरते यांना."

सेवास्ती गुडघ्यावर बसली. पहिलं बटण सुटेना, माती बसली होती काजात. तिनं फुंकर मारली. सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं. मग तपकिरी. तिनं डोळे मिटून सदरा दोन्ही बाजूंना उघडला, आणि काही वेळ तसेच मिटून ठेवले.

"काय आहे?" वरून आई म्हणाली. "सेवास्ती, काय आहे गं?"

तिनं डोळे उघडले. आत माती होती. झिरपून साठलेली, सदऱ्याच्या आकारात बसलेली, बारीक, मऊ माती. आणि मातीत फासळ्या. स्वच्छ. मधाच्या मेणाच्या रंगाच्या. एक एक सुटी. तिनं एक उचलून उन्हात धरली.

"हाडं आहेत," ती म्हणाली. आणि मग मोठ्यानं, समुद्रापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं, "हाडं आहेत! सगळी हाडं आहेत, आई! पिवळी! पिवळी आहेत!"

मग तिथं जे झालं त्याला काय म्हणावं! आई रडत होती आणि पाद्रीबुवांच्या हाताचे मुके घेत होती. पाद्रीबुवांनी पोथी मिटली, खिशात घातली, परत काढली. बायका, ज्या पळायच्या बेतात होत्या, आता कबरीत पडतील इतक्या पुढं आल्या. "मी म्हटलंच होतं," एक म्हणाली. "काय म्हटलं होतंस गं? तूच तर आधी ओरडलीस!" दुसरी म्हणाली. पिपिना नवऱ्याला अजून धरूनच होती. तो कधीच निसटायचा थांबला होता. फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून तो नुसता बघत होता.

आणि मातीच्या ढिगावर कालित्सा आत्या हसत होती. आधी बारीक, मग हलून हलून, डोळ्यांतून पाणी गाळत.

"नायलॉन!" ती म्हणाली. "अरे मेल्या साकेलारिस! मला जीवे मारलं असतंस ना! नायलॉन!"

तेव्हा सेवास्तीच्या ध्यानात आलं. ती फासळी हातात धरून वळली. "आत्या. बाबांना कपडे कुणी घातले?"

आत्याचं हसू थांबलं.

"आई शेजारी होती," सेवास्ती म्हणाली. "तू जवळ होतीस. हा सदरा त्यांच्या अंगावर कसा आला?"

"वर कोट होता," आत्या म्हणाली. "लोकरीचा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला. तो कुजून मातीत गेला. तेव्हा सदरा कुणाला दिसला नाही."

"ते मी विचारत नाही."

"कळतंय मला काय विचारतेस ते!" आत्या खेकसली. मग झग्याच्या टोकानं नाक पुसलं. "त्यानं सांगितलं. त्यानंच. आदल्या दिवशी. आई तुझी विहिरीवर गेली होती. म्हणाला, कालित्सा, पेटीत तळाला तो माशासारखा सदरा आहे, तो घाल मला. मी म्हटलं, कुठला? म्हणाला, तुला माहीताय कुठला. मी म्हटलं, नवा सुती आहे की. तर म्हणाला, तो नको."

खाली समुद्र फुटत होता तेवढंच.

"ठेवला होता त्यानं. कुणी नसलं की काढायचा, हात फिरवायचा, घडी घालायचा. मी दोनदा बघितलं. म्हणाला, काय कापड आहे कालित्सा, पाणी उभं राहत नाही यावर. घातला मात्र एकदाही नाही. गावानं विचारलं असतं ना, कुणी दिला? मग नाव घ्यावं लागलं असतं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस," सेवास्ती म्हणाली. "पाच वर्षं."

"त्यानं शपथ घातली होती! म्हणाला, घाल, पण बोलू नकोस. लेकीपुढं नमला असं व्हायला नको." आत्या थांबली. "आणि मलाही सांगायचं नव्हतं. जा, काय करायचंय ते कर. पन्नास माणसांचे रोट भाजले होते मी तुझ्या लग्नाचे. महिनाभर डुकरांना घालत होते."

सेवास्तीला काय वाटलं म्हणावं? राग यायला हवा होता. ती राग शोधत होती आत, आणि सापडत नव्हता. त्याच्या जागी नुसती हवा होती, भरपूर हवा, जशी खोल बुडी मारून वर आलेल्या माणसाच्या छातीत शिरते तशी. ती हसायला लागली. हसता हसता कबरीच्या कडेला डोकं टेकून रडली, आणि रडता रडता म्हणाली, "डुकरांना? माझे रोट?"

"मग काय तुझ्या पाणबुड्याला पाठवायचे होते?"

मग काम सुरू झालं. आता आत्यानं मिनासला उतरू दिलं, आणि त्यानं खांद्याच्या बाजूनं माती उकरत डोकं शोधून काढलं. मोठं, गोल, कपाळ रुंद. त्यानं दोन्ही हातांनी वर धरलं. सगळ्या बायका "देव त्याला क्षमा करो" म्हणाल्या. तो तसाच उभा राहिला, आणि मग ठरलं होतं सगळं तरी त्यानं ते आईला दिलं नाही की आत्याला दिलं नाही. कबरीच्या दुसऱ्या टोकाला सेवास्ती उभी होती, तिच्याकडं केलं.

"तूच उचलणार होतास," ती म्हणाली.

"उचललं की. आता धर. जड आहे."

तिनं मांडीवर पांढरा रुमाल अंथरला आणि डोकं घेतलं. आईनं बुधल्यातून वाइन ओतली, लाल, कोमट. सेवास्ती अंगठ्यानं माती काढत गेली, डोळ्यांच्या खाचांतून, दातांमधून, जसं पोराचं तोंड पुसावं तसं. कपाळ पुसलं तेव्हा तिथं आठी नव्हती. हाडाला कुठं आठी असते? तिनं त्यावर ओठ टेकले. वाइनची चव आली.

"किती वेळ लावते," आत्या पिपिनाला म्हणाली.

"लावू द्या," पिपिना म्हणाली. "आपल्याला कुठं जायचंय?"

एकेक हाड धुवून उन्हात वाळत ठेवलं. पेटी भरली. राहिला सदरा. तो बादलीभर पाण्यात खंगाळला तर काय, कोरा करकरीत! फक्त एका बाहीला थोडा पिवळा डाग. आता याचं करायचं काय, यावर मोठी चर्चा झाली. जाळू म्हटलं तर पाद्रीबुवा म्हणाले, वास सुटेल, वितळून ठिबकेल. मेलेल्याचा घरात ठेवायचा नाही. समुद्रात टाकायला मिनास तयार होईना, म्हणाला, परत येईल तो, बुडणारं कापड नाही ते. शेवटी आईनं नीट घडी घातली, तपकिरी बटण वर येईल अशी, आणि परत कबरीतच ठेवला. "त्याचा आहे, त्याच्याच जागेत राहू दे." पुढं तिथं पुरायला येणाऱ्यांनी काय ते बघावं.

सगळं उरकल्यावर भिंतीच्या सावलीत बसून घुगऱ्या खाल्ल्या. राकीची बाटली फिरली. पाद्रीबुवांनी दोन घेतल्या, मग आणखी एक घेतली, आणि साकेलारिसनं एकदा त्यांची बकरी चोरली होती ती गोष्ट सांगितली. आत्यानं ती गोष्ट दोन ठिकाणी दुरुस्त केली. मूठभर घुगऱ्या सेवास्तीच्या हातात कोंबून म्हणाली, "खा. वाळलीयस." मग आणखी मूठभर कोंबल्या.

मिनास शेजारी येऊन बसला. एक मनुका वेचून खाल्ली.

"तसला अजून मिळतो का पिरेयसला?" त्यानं विचारलं.

"काय?"

"सदरा. तसला."

"मिळतो. रंगीतपण मिळतात आता."

"पांढराच बरा." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "लग्नाबिग्नाला. पिपिनाला इस्त्रीचा ताप नाही."

"हो, आणि पुरताना काढून घ्यायचा हं!" पिपिना पलीकडून म्हणाली. "माझ्यात नाही ताकद परत असली घाबरायची!"

"तू गप गं," मिनास म्हणाला. मग खालच्या आवाजात, कुणीकडंच न बघता, "माप घे की, ताई."

सेवास्तीनं डोक्याचा काळा रुमाल सोडला. सोडतानाच तिला कळलं की ती गावासमोर उघड्या डोक्यानं बसलीय, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. रुमालाची तिरपी दुमड घालून लांब पट्टी केली आणि भावाच्या गळ्याभोवती घेतली. तो मान ताठ करून बसला, लहान मुलगा न्हाव्यासमोर बसतो तसा. तिच्या बोटांना त्याची नाडी लागली. भरभर उडत होती.

"घट्ट होतंय का?"

"नाही."

"हनुवटी वर कर. श्वास घे. रोखून धरू नकोस, घे."

त्यानं श्वास घेतला.